वाघ दरवाजातून बाहेर पडलेलं राज्य

रायगड, फेब्रुवारी १६८९

तुम्ही चिटणिशीच्या फडावरचे एक कारकून आहात. मांडीशी कलमदान, शेजारी शाई टिपायच्या वाळूची डबी, समोर रुमालात बांधलेले कागद. हात मोडी वळणाला सरावलेला. नाव तुमचं तुम्हीच ठेवा. ते कुठल्याच बखरीत येणार नाही, त्यामुळे तुम्हाला कुठेही बसता येईल आणि सगळं ऐकता येईल. एकच अट: पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, पण बोलायचं नाही.

सकाळपासून फडावर कुणी बोरू उचललेला नाही. बातमी खालून वर आली, महादरवाजातून आत शिरली आणि बालेकिल्ल्यापर्यंत पोचेस्तोवर सगळ्या गडाला कळली. संगमेश्वरी छापा पडला. छत्रपती संभाजी महाराज आणि त्यांचे विश्वासू कवी कलश मोगल सरदार मुकर्रबखानाच्या हाती सापडले.

शेजारचा म्हातारा कारकून डोळे पुसतो आहे. तुम्ही मात्र समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत आहात, कारण आज पत्र लिहायचं झालं तर ते कुणाच्या नावाने लिहायचं? राजा मेला तर काय करायचं हे शास्त्राला ठाऊक असतं. पण इथे राजा जिवंत आहे आणि शत्रूच्या बेड्यांत आहे. उद्या औरंगजेब बादशहाने त्याच्याकडून जबरदस्तीने कागद करून घेतला की अमुक गड खाली करून द्या, आणि तो कागद पन्हाळ्याच्या हवालदारापुढे आला, तर त्याने काय करायचं? मुद्रा खरी, मोर्तब खरं. हुकूम मानला तर राज्य गेलं, न मानला तर तो राजद्रोही.

या प्रश्नाचं उत्तर गडावर काही दिवसांतच मिळतं. महाराणी येसूबाई आणि किल्लेदार चांगोजी काटकर यांच्या पुढाकाराने संभाजी महाराजांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज यांना मंचकावर बसवलं जातं. सोहळा लहानसा होतो. बत्तीस मणांचं सिंहासन ज्या रायगडावर आहे, तिथेच हा नवा राजा सिंहासनावर न बसता मंचकावर बसतो, हे तुमच्या ध्यानात येतं. पण दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. या क्षणापासून कैदेतल्या राजाच्या नावाने आलेल्या कुठल्याही कागदाला किंमत उरली नाही. औरंगजेबाच्या हाती आता एक माणूस आहे, राज्य नाही. हा निर्णय कैदेतल्या माणसाच्या पत्नीने घेतला आहे. नवऱ्याच्या प्राणांचं मोल यामुळे बादशहाच्या लेखी कमी होणार, हे तिला कळत नसेल असं समजू नका.

म्हाताऱ्या कारकुनाला एक गोष्ट विचारा: नऊ वर्षांपूर्वी काय झालं होतं? तो आधी मागे वळून बघेल, मग हळूच सांगेल. १६८० च्या एप्रिलमध्ये थोरल्या महाराजांचं, शिवाजी महाराजांचं, याच गडावर निधन झालं. वारसाची व्यवस्था लावलेली नव्हती. संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. इथे प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना घाईघाईने मंचकावर बसवलं. थोडक्या महिन्यांत तो डाव उलटला आणि पुढच्या वर्षी कटाच्या आरोपाखाली मातब्बर माणसं मारली गेली. त्यांत या फडाचे मुख्य बाळाजी आवजी चिटणीसही होते. आज फडावर त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ बसतो. तोच गड, तोच राजपुत्र, तोच मंचक. तेव्हा गडावर फाटाफूट होती, आज एकवाक्यता आहे. नऊ वर्षं नजरेखाली ठेवलेल्या दिराला येसूबाईंनी स्वतः पुढे आणलं, आणि ज्यांच्या घरातली माणसं मारली गेली तेही कामाला लागले.

रायगड, २५ मार्च ते ५ एप्रिल

फाल्गुन अमावास्येला, ११ मार्चला, महाराजांची हत्या झाली. दोन आठवड्यांनी वझिराचा मुलगा इतिकादखान रायगडाखाली येऊन ठेपतो. टकमक टोकावरून पाहिलंत तर तंबू दिसतील. अजून वेढा गच्च आवळलेला नाही. या डोंगराभोवती माणसांची साखळी घालायची तर दिवस लागतात, आणि सध्या हातात आहेत ते तेवढेच दिवस.

खलबत होतं. कागद-दौत घेऊन तुम्ही दाराशी. गडावर आत्ता कोण कोण आहे ते मनात मोजा: राजाराम, वय एकोणीस. शिवाजीराजे, ज्यांना पुढे आपण शाहू म्हणून ओळखणार, वय सातच्या आत. महाराणी. राजारामांच्या राण्या. म्हणजे राज्यावर हक्क सांगू शकणारा प्रत्येक जीव एकाच डोंगरावर आहे. गड अभेद्य म्हणावा तर विजापूर १६८६ मध्ये पडलं, गोवळकोंडा १६८७ मध्ये. गोवळकोंड्याला आठ महिने वेढा होता आणि शेवटी दरवाजा आतूनच उघडला गेला. अभेद्य या शब्दावर राज्य पणाला लावायची ही वेळ नव्हे.

येसूबाईंचा सल्ला बखरकारांनी नोंदवला आहे. सगळ्यांनी एका जागी राहू नये. राजारामांनी बाहेर पडून फौजा जमवाव्यात, गरज पडली तर कर्नाटकात जिंजीला जावं. आपण मुलाला घेऊन गडावर राहू आणि गड लढवू. बखरी बऱ्याच नंतर लिहिल्या गेल्या, त्यामुळे त्यांतलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं घेऊ नका. पण घडलं तसंच, एवढं निश्चित.

या सल्ल्याचा अर्थ नीट समजून घ्या. दोन वारस आहेत, ते दोन ठिकाणी हवेत. मग कोणता बाहेर जाईल? सात वर्षांच्या मुलाला पाठवलं तर त्याच्या नावाने दुसरंच कुणी राज्य करणार. शिवाय त्याला शेकडो कोस पळवत नेणं कठीण. एकोणीस वर्षांचा राजा घोड्यावर बसू शकतो, हुकूम देऊ शकतो, लोकांना दिसू शकतो. म्हणून तो जाईल. आणि गडावर राजघराण्यातलं कुणीच उरलं नाही, तर गड लढवणाऱ्यांचा धीर सुटेल, मोगल पाठलागावर निघतील. म्हणून आई आणि मुलगा राहतील. बाहेर पडणाऱ्याला सवड मिळावी म्हणून मागे कुणीतरी राहायचं. ही जागा येसूबाईंनी स्वतःसाठी निवडली. तिची मुदत किती, हे तुम्हाला ठाऊक आहे: तीस वर्षं. बोलू नका.

५ एप्रिल. चैत्र वद्य पक्ष चालू आहे, चंद्र पहाटेकडे उगवणार. कुशावर्त तलावाच्या बाजूने खाली उतरा. इथे वाघ दरवाजा आहे. महादरवाजासारखा डौल याला नाही. पुढे नीट वाटही नाही, कडा आहे आणि उतरायचं तर दोर हवेत. गडाला एकच दरवाजा ठेवू नये, आणीबाणीला चोरवाट असावी, हा शिवकालीन दुर्गबांधणीचा नियम होता. राज्यकारभारावरच्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात तो पुढे लेखी आला. राजाराम महाराज याच वाटेने उतरले असं सांगतात. ज्याने हा दरवाजा बांधवला त्याचाच मुलगा तो आज वापरतो आहे. तुम्हीही उतरा. हाताला दोर लागेल, पण थांबू नका. उजाडायच्या आत सावित्रीच्या खोऱ्याकडे सरकायचं आहे, पुढे प्रतापगड.

पन्हाळा, सप्टेंबर १६८९

पावसाळा इथे काढलात. गडावर धुकं आहे आणि फडावर कामाचा ढीग. रायगड अजून लढतो आहे, पण बाकीचे गड एकामागून एक जात आहेत. औरंगजेबाला वाटतं की मराठ्यांचं राज्य संपलं, आता उरलीसुरली आवराआवर करायची.

इथे तुमच्या हातून जे कागद लिहून होतात, ते रायगडावरच्या निर्णयाइतकेच धाडसाचे आहेत. राजा जिंजीला जाणार, म्हणजे आजच्या महामार्गानेही आठशेहून अधिक किलोमीटर दूर. मधला सारा मुलूख बादशहाचा. इथून गेलेलं पत्र तिथे पोचायला आणि उत्तर परत यायला किती दिवस लागतील, ते पोचेल की नाही, हेही सांगता येत नाही. अशा वेळी प्रत्येक गोष्टीला राजाची मंजुरी मागत बसलं तर महाराष्ट्र हातचा जाईल. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकुमतपन्हा’ केलं जातं. अर्थ सरळ आहे: मुलखाचा कारभार, फौज, गडकोट, नेमणुका, इनामं यांबाबत पंतांनी राजाची वाट न पाहता निर्णय घ्यायचा. त्यांच्या हाताखाली शंकराजी नारायण मावळच्या बाजूला, परशुराम त्रिंबक पन्हाळा-साताऱ्याकडे. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव फौजा घेऊन फिरते. प्रल्हाद निराजी राजासोबत जाणार.

पंतांचं वय चाळिशीच्या आसपास. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावेळी ते अष्टप्रधानांत होते, अगदी तरुण वयात. त्यांच्याकडे बघताना एक शंका मनात येईल: एवढी सत्ता हातात आल्यावर हा माणूस स्वतःच राजा का होणार नाही? सह्याद्रीत गड त्यांच्या ताब्यात, फौज त्यांच्या हुकमात, राजा शेकडो कोस दूर आणि तोही वेढ्यात. पुढची आठ वर्षं ते राज्य राजारामांच्या नावाने चालवतील आणि राजा परत आल्यावर त्याच्या हाती सोपवतील. आराखड्याला चौकट असते, पण तो चालतो तो अशा माणसांवर. पंत विश्वासाला जागले नसते, तर कागदावरची वाटणी तशीच कागदावर राहिली असती.

पन्हाळा ते जिंजी

२६ सप्टेंबरला तुम्ही मोजक्या लोकांबरोबर निघता. खंडो बल्लाळ आहेत, प्रल्हाद निराजी आहेत, बहिर्जी घोरपडे आहेत. वेश बदललेले: कुणी लिंगायत, कुणी यात्रेकरू, कुणी बैरागी. तुमच्या गळ्यातही इष्टलिंग. राजा कोणता हे अनोळखी माणसाला कळता कामा नये, आणि ते साधणं वाटतं तितकं सोपं नाही. वर्षानुवर्षं मुजरा करायची सवय असलेला माणूस न कळत अदबीने मागे सरकतो.

मोगलांची पथकं मागावर आहेत. केळदीच्या राणी चन्नम्माच्या मुलखातून वाट मिळते. पळणाऱ्या राजाला वाट देण्यात तिचा फायदा काहीच नाही, तोटा उघड दिसतो. तरी ती देते, आणि त्यापायी पुढे बादशाही फौज तिच्यावर चालून येते.

बंगळूरला मात्र घात होता होता टळतो. मुक्कामी कुणाला तरी संशय येतो. एका यात्रेकरूची बाकीचे जरा जास्तच सेवा करतात असं दिसतं. राजा आणि एक-दोघे रातोरात पुढे काढले जातात. खंडो बल्लाळ आणि इतर काही मागे राहतात, यात्रेकरू म्हणून. बखरकार सांगतात की त्यांना पकडून मारहाण झाली, तोंडाला राखेचे तोबरे बांधले, डोक्यावर दगड दिले. आम्ही रामेश्वरला निघालो आहोत, एवढंच त्यांनी पुनःपुन्हा सांगितलं, आणि शेवटी सुटले. ज्याच्या बापाला या घराण्याच्या हुकमाने मारलं होतं, तो माणूस त्याच घराण्यातल्या राजाचा ठावठिकाणा सांगत नाही. केशव पंडिताने या प्रवासावर ‘राजारामचरितम्’ हे संस्कृत काव्य रचलं. प्रवासाला फार दिवस लोटले नव्हते तेव्हाच.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही जिंजीत आहात, आणि त्याच महिन्याच्या ३ तारखेला रायगड पडतो. येसूबाई आणि बाळराजे कैद होतात. इतिकादखानाला या कामगिरीबद्दल झुल्फिकारखान हा किताब मिळतो. ते नाव लक्षात ठेवा. सहा-सात महिन्यांपूर्वी वाघ दरवाजातून कुणी उतरलं नसतं, तर आज बादशहाच्या छावणीत राज्याचे सगळे वारस एका रांगेत उभे असते.

जिंजी

सपाट मुलखात तीन डोंगर उभे, राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी, आणि तिघांना जोडणारी तटबंदी. प्रत्येक डोंगर स्वतंत्र किल्ला. राजगिरीच्या माथ्यावर जायचं तर खोल खिंड ओलांडून जावं लागतं, पूल काढला की वाट बंद. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथलं ऊन सहन होत नाही, भाषा कळत नाही, तोंडी लावायला मिळतं ते निराळंच. पण भिंती ओळखीच्या वाटतात, आणि त्याला कारण आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात हा किल्ला घेतला आणि त्याची तटबंदी नव्याने बांधून काढायला सुरुवात केली. त्या काळच्या जेझुइट पाद्र्याच्या पत्रातही या बांधकामाचा उल्लेख आहे. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला असेल की रायगडपासून इतक्या दूरच्या किल्ल्यावर एवढा खर्च कशासाठी. बारा वर्षांनी तुम्ही त्याच तटाला पाठ लावून बसला आहात.

इथे नवे अष्टप्रधान नेमले जातात. त्यांच्यावर ‘प्रतिनिधी’ हे नवं पद तयार होतं आणि ते प्रल्हाद निराजींना मिळतं. दरबार भरतो, मुद्रा चालते, सनदा निघतात. तुमचा बोरू आता दिवसभर थांबत नाही. आपल्याकडे दोन राजधान्या झाल्या आहेत. जिंजीत राजा आहे, सह्याद्रीत राज्य आहे, आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे जासुदाच्या कमरेची थैली.

पैसा कुठून येतो? तिजोरी रायगडबरोबर गेली. तंजावरचे भोसले मदत करतात, पण तेवढ्याने भागत नाही. १६९० मध्ये समुद्रकाठचा तेगनापट्टणचा किल्ला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला विकला जातो. सौद्यात अशी अट असते की किल्ल्यावरून डागलेला तोफगोळा जिथवर जाईल तिथवरची गावं कंपनीची. इंग्रज चांगली लांब पल्ल्याची तोफ आणवतात. कडलूरजवळचा हाच तो पुढचा फोर्ट सेंट डेव्हिड. राज्य वाचवायला मोडलेली ही मालमत्ता. पुढच्या शतकात इंग्रज इथून काय करतील ते तुम्हाला ठाऊक आहे, पण आज शिबंदीचा पगार द्यायचा आहे.

दुसरा मार्ग कागदाचा आहे, आणि तो तुमच्याच हातून जातो. शिवाजी महाराजांनी फौजेला रोख पगार देऊन वतनाचा मोह आवरला होता. आता रोख नाही. त्यामुळे जो सरदार मोगलांकडून मुलूख जिंकेल त्याला तो मुलूख, अशी वचनं निघू लागतात. १६९१ च्या एका पत्रात तर घोरपड्यांना रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद जिंकल्यावर काय मिळेल हे लिहून पुढे दिल्लीचाही हिशेब धरला आहे. चारी बाजूंनी वेढलेल्या किल्ल्यात बसून राजा दिल्लीचं इनाम देतो, हे लिहिताना तुम्हाला हसू येईल. पण ते पत्र वाचून सरदार घोड्यावर बसतो. गडबड दुसरीच होते: एकाच गावाची सनद इथून एकाला मिळते आणि सह्याद्रीतून पंतांनी दुसऱ्याला दिलेली असते. दोघेही खरे. तक्रारी येतात, तुम्ही त्या रुमालात बांधून ठेवता.

झुल्फिकारखान १६९० मध्येच खाली येऊन बसला आहे. वेढा कधी आवळतो, कधी सैलावतो. १६९२ च्या अखेरीस संताजी आणि धनाजी महाराष्ट्रातून येऊन धडकतात आणि वेढा घालणारेच वेढले जातात. त्याच सुमारास मोगल छावणीत अफवा पसरते की बादशहा मेला. छावणीत शहजादा कामबक्ष आहे. अफवा खरी ठरली तर भावांशी झुंजावं लागणार, या भीतीने तो गुपचूप तुमच्या राजाशी बोलणी करायला लागतो. झुल्फिकारखानाला सुगावा लागतो आणि तो बादशहाच्या मुलालाच अटकेत टाकतो.

तटावर उभं राहून हे बघा. खाली जगातल्या सर्वांत श्रीमंत साम्राज्याची फौज आहे, आणि तिचा धनी मेल्याची नुसती कुजबुज झाली तर मुलगा शत्रूला सामील व्हायला तयार होतो, कारण त्यांच्याकडे वारस ठरतो तो भावांच्या रक्तातून. वर चिंध्या झालेलं राज्य आहे, राजा खरोखर मारला गेला आहे, राजधानी गेली आहे, वारस कैदेत आहे, तरी हुकूम जातात आणि पाळले जातात.

१६९७ च्या डिसेंबरात राजाराम जिंजीतून निसटतात आणि १६९८ च्या आरंभी किल्ला पडतो. आठ वर्षं बादशहाची एक मोठी फौज इथे अडकून पडली. तेवढ्या काळात पंतांनी बरेच गड परत घेतले. राजा विशाळगडावर येतो आणि पंत राज्य त्याच्यापुढे ठेवतात.

सिंहगड, २ मार्च १७००

दोन वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग. आजारी राजाराम महाराज सिंहगडावर प्राण सोडतात. वय तीस. औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या वेढ्यात बसला आहे. बातमी ऐकून त्याला वाटतं की आता तरी संपलं.

तुम्ही आता जुने झाला आहात, हात थरथरत नाही. या वेळी गोंधळ कमी आहे, कारण मधल्या अकरा वर्षांत या राज्याला राजाशिवाय चालायची सवय झाली आहे. पंचविशीच्या आतबाहेरच्या ताराबाई चार वर्षांच्या आतल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, पुढे करून सूत्रं हाती घेतात. सात वर्षं त्या औरंगजेबाशी लढतात. बादशहा एकेक गड घेत डोंगरात फिरतो, तो पुढे गेला की मागचा गड मराठे परत घेतात. १७०७ मध्ये तो अहमदनगरला मरतो. सव्वीस वर्षं दख्खनेत घालवून जे संपवायचं होतं ते शिल्लक आहे.

इथे थांबलो तर ही सरळ विजयाची कथा होईल. थांबू नका, आणखी थोडे महिने पुढे या.

खेडची लढाई, १७०७

बादशहाचा मुलगा आझमशहा तख्तासाठी उत्तरेकडे निघाला आहे. त्याला एक सल्ला मिळतो: शाहूला सोडा. म्हणजे मराठे आपसांत लढतील. सल्ला देणारा कोण? झुल्फिकारखान. ज्याने अठरा वर्षांपूर्वी रायगडावर त्या मुलाला पकडलं, आणि ज्याने आठ वर्षं जिंजीला वेढा घातला, त्याला मराठ्यांच्या तटातला खरा कच्चा दगड सापडला आहे.

शाहूराजे पंचविशीत परत येतात आणि म्हणतात, राज्य माझं. थोरल्या घराचा वारस मी. काका माझ्याच वतीने राज्य सांभाळत होते. ताराबाई म्हणतात, जे राज्य तुमच्या वडिलांच्या हातून गेलं ते माझ्या पतीने आणि मी लढून उभं केलं. आणि हा माणूस तोतया नव्हे कशावरून? दोघांचंही म्हणणं ऐकलंत तर दोघेही बरोबर वाटतात. ऑक्टोबरमध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर येतात. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळतात. जानेवारी १७०८ मध्ये शाहू साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतात. ताराबाई पन्हाळ्याला जातात. एका राज्याची दोन होतात, सातारा आणि कोल्हापूर, आणि सीमा ठरायला वारणेच्या तहापर्यंत, १७३१ पर्यंत, वाट पाहावी लागते. येसूबाई सुटतात त्या १७१९ मध्ये. ज्या राज्यासाठी त्या मागे राहिल्या, ते तोवर दुभंगलेलं असतं. रामचंद्रपंत कोल्हापूरकडे राहतात, आणि आज्ञापत्र तिथेच लिहिलं जातं.

आता तुमचे जुने कागद उलटून पाहा. रायगडच्या खलबतात कोण जाईल आणि कोण राहील हे ठरलं होतं. पन्हाळ्यावर कोणाला किती अधिकार हे ठरलं होतं. जिंजीत पैसा कुठून हेही ठरलं. मात्र एक कागद कुणी लिहिलाच नाही: मागे राहिलेला वारस परत आला तर काय? आणीबाणीत दिलेले अधिकार, वतनं, पदं परत कशी घ्यायची? ज्या सरदारांना जिंकलेला मुलूख दिला ते पुढे त्या मुलखाचे धनी झाले, आणि छत्रपतींच्या हाती हुकमापेक्षा मनधरणी जास्त उरली.

आज

कलमदान मिटा आणि परत या. राज्यकर्त्यांना हाच प्रश्न अजून भेडसावतो. अमेरिकेचा अध्यक्ष काँग्रेसपुढे वार्षिक भाषण करतो तेव्हा मंत्रिमंडळातला एक जण मुद्दाम दुसरीकडे ठेवतात. शीतयुद्धात तिथल्या संसदेसाठी वेस्ट व्हर्जिनियातल्या एका आलिशान हॉटेलखाली भूमिगत निवारा बांधून ठेवला होता. म्हणजे दुसरा वारस आणि दुसरी जिंजी. आपल्याकडे, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींचं ताश्कंदला निधन झालं त्याच रात्री गुलझारीलाल नंदांचा शपथविधी झाला. १९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरी काळजीवाहू झाले आणि निवडणूक लढवायला त्यांनीही जुलैत राजीनामा दिला. पुढे कोण, याचं उत्तर राज्यघटनेत थेट नव्हतं. म्हणून संसदेने त्याच वर्षी कायदा करून ती जबाबदारी सरन्यायाधीशांवर टाकली होती. नागपूर उच्च न्यायालयात कारकीर्द घडलेले सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतिपदाचं काम बघत होते, आणि नवे राष्ट्रपती निवडून येताच आपल्या न्यायासनावर परत गेले. कुणाला लढावं लागलं नाही, कारण पद किती दिवसांसाठी आणि कधी सोडायचं हे आधीच लिहिलेलं होतं.

१६८९ चा आराखडा हा आपल्या इतिहासातला राज्य वाचवण्याचा सर्वांत यशस्वी आराखडा आहे, आणि अर्धाच लिहिलेला आहे. येसूबाईंनी आणि पंतांनी त्याचा पहिला भाग असा पार पाडला की त्याला तोड नाही. दुसरा भाग कुणीच लिहिला नाही आणि त्याची किंमत दोन गाद्यांनी मोजली. म्हणून देश चालवणाऱ्यांनी, आणि साखर कारखाना किंवा पतपेढी चालवणाऱ्यांनीही, संकटकाळचा कागद लिहायला बसावं तेव्हा पुढे कोण एवढ्यावर बोरू खाली ठेवू नये. मिळालेला अधिकार कोणत्या दिवशी आणि कुणाच्या हाती परत द्यायचा, ते कलमही त्याच बैठकीत लिहून त्यावर मोर्तब करावं.